दिवे लागल्यावर लेकरांना मनाई

हट्ट्याकडून जवळा बाजारला येताना, गाव लागायच्या जरा अलीकडं, रस्त्याला लागून आमची जमीन होती. त्या जमिनीत आमचं दोन खोल्यांचं घर. मी पहिलीत असताना त्या घराभोवती बाग उभी राहिली. लोक शेतात घर बांधतात. आमच्या घराच्या अंगणात झोके, घसरगुंडी, गोल फिरणारं लोखंडी चक्र आणि सिमेंटचा जिराफ आला. जिराफ रंगवणाऱ्या पेंटरनं खरा जिराफ कधी पाहिला नव्हता. त्यामुळं तो उंटासारखा दिसायचा आणि गावातली पोरं त्याला उंटच म्हणायची.

ही बाग दादांची हौस. दादा म्हणजे माझे वडील. त्यांचे धाकटे भाऊ त्यांना दादा म्हणायचे, म्हणून मीही. लग्नाआधी ते औरंगाबादला एका मोठ्या हॉटेलात वाढपी होते. त्या हॉटेलामागं हिरवळ होती, झोके होते, आणि संध्याकाळी तिथं नवरा-बायको लेकरांना घेऊन बसायचे. ते चित्र दादांच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. "आपल्या भागात माणसानं बायको-लेकरं घेऊन घटकाभर बसावं अशी एक जागा न्हाई," ते म्हणायचे. "स्टँडवरच्या हॉटेलात बाया बसतात व्हय? बाहेर बाकड्यावर पिशव्या धरून बसतात अन् नवरा आत भजे खातो."

आई गावातल्या शाळेत शिकवायची. तिला बाग आवडली. विहिरीचं पाणी होतं, तिनं स्वतः मोगरा लावला, जाळीच्या पिंजऱ्यात ससे आणले. बाजाराच्या दिवशी आणि रविवारी गर्दी व्हायची. पावभाजी, शेवभाजी, लस्सी. बाया डोक्यावरचा पदर सावरत हिरवळीवर बसायच्या, आधी बिचकत, मग सैल होऊन. पोरं चक्रावर इतक्या जोरानं फिरायची की एकदोघांना उलट्या व्हायच्याच. आणि ती बाग माझी होती. शाळेत मधल्या सुट्टीत माझ्याभोवती मुली जमायच्या. "तू रोज झोका खेळतीस?" मी म्हणायची, "झोपायच्या आधी सुद्धा." ते खरंही होतं.

नुसत्या पावभाजीवर बाग चालत नव्हती, हे मला तेव्हा कळायचं काही कारण नव्हतं. पावसाळ्यात कुणी यायचं नाही, उन्हाळ्यात हिरवळ जळायची, आणि आठवड्याच्या उरलेल्या दिवसांत दादा गल्ल्यावर बसून रस्त्यानं जाणाऱ्या जीपा बघत राहायचे. पुढं हिंगोली जिल्हा झाला. नवी ऑफिसं आली, साहेब लोक आले, कंत्राटदार आले. त्यांना संध्याकाळी बसायला जागा पाहिजे होती, आणि घरापासून लांब पाहिजे होती, म्हणजे ओळखीचं कुणी दिसायचं नाही. वसमतचा एक माणूस दादांकडं यायला लागला. त्याच्याकडं दारूचा परवाना होता, जागा नव्हती. आमच्याकडं जागा होती.

त्या दिवसांत घरात काय बोलणं झालं ते मला सगळं आठवत नाही. एवढं आठवतं की आई दोन दिवस दादांशी बोलली नाही. आमच्या घरात रोज सकाळी बुद्धमूर्तीसमोर पंचशील म्हणायची पद्धत. आई म्हणायची, मी तिच्या मागं म्हणायची. पाचवं शील दारूपासून, नशेपासून लांब राहण्याचं. त्या सकाळी आई चार शीलं म्हणून थांबली. मला वाटलं ती विसरली, म्हणून पाचवं मीच म्हटलं. आईनं डोळे मिटलेलेच ठेवले. बाहेर दादा चप्पल घालत होते. ते तसेच एका पायात चप्पल घालून थोडा वेळ उभे राहिले आणि मग गेले.

बागेच्या मागच्या बाजूला खोली बांधली गेली. मधे हिरव्या जाळीचा पडदा लावला. पडद्याच्या अलीकडं 'फॅमिली', पलीकडं 'परमिट रूम'. दादांनी आईला शब्द दिला होता की अलीकडं पलीकडचं काही दिसणार नाही. दिसायचं नाहीच. पण ऐकू यायचं. बाटल्या ठेवल्याचा आवाज, टेपवरची गाणी, एकदम उठलेलं हसू, कधी कुणाचं रडणं. मोठा माणूस असा मोठ्यानं रडू शकतो हे मला तिथं कळलं.

पहिल्यांदा शाळेतल्या शिक्षिकांनी, म्हणजे आईच्या जोडीदारणींनी येणं थांबवलं. मग विहारात आईला कुणी तरी काही बोललं. त्या रविवारी ती घरी आली ती सरळ चुलीपाशी गेली आणि जेवायला बसलीच नाही. मग माझ्या वर्गातल्या मुली कमी झाल्या. एक मैत्रीण होती, तिचं घर शेताच्या वाटेनं जवळ होतं. ती एका रविवारी आली आणि फाटकाबाहेरच उभी राहिली.

"आत ये ना," मी म्हटलं.

"माय म्हणली, आत जायचं न्हाई. तूच बाहेर ये."

"काहून?"

"तिथं बेवडे बसतात म्हणली."

मी बाहेर गेले. फाटकाबाहेर बाभळीखाली आम्ही खडे खेळलो. आत चार झोके रिकामे होते आणि आम्ही दोघी रस्त्याच्या धुळीत बसलो होतो. शेजारून ट्रक गेला की डोळे मिटायचो. असं दोन-तीन रविवार चाललं. मग तिची आई म्हणाली, रस्त्याच्या कडेला पण खेळायचं नाही. ती चूक म्हणत नव्हती. रस्ता धोक्याचाच होता.

त्यानंतर बाग खरोखर फक्त माझी झाली. शाळेतून आल्यावर मी सगळ्या झोक्यांवर आळीपाळीनं बसायची, कुणाला राग येऊ नये म्हणून. चक्र एकटीला ढकलता यायचं नाही. ढकलून पळत चढेपर्यंत ते थांबायचं. सशांना मी शाळेतले धडे वाचून दाखवायची. आई शाळेतून दमून यायची, वह्या तपासायची, आणि दिवे लागायच्या वेळेला मला घरात घेऊन कडी लावायची. दादा तेव्हा गल्ल्यावर असायचे. म्हणजे दिवसभर मी दोघांपासून लांब आणि संध्याकाळी दादांपासून. घरात आम्ही तिघंच होतो, पण तिघं एका वेळी एका जागी असे फार कमी दिसायचो.

लेकरं अजिबात यायची नाहीत असं मात्र नव्हतं. यायची, पण वेगळ्या कारणानं. काही माणसं घरी 'फॅमिली गार्डनला चाललो' असं सांगून यायची, आणि ते खरं वाटावं म्हणून एखादं लेकरू सोबत आणायची. लेकराला झोक्यावर सोडायचं, हातात लस्सीचा ग्लास द्यायचा, "हलू नको, आलोच" म्हणायचं आणि पडद्यापलीकडं जायचं. खिडकीच्या गजांमधून मी ही लेकरं बघायची. ती खेळायची नाहीत. झोक्यावर नुसती बसायची, पाय जमिनीला टेकवून, पडद्याकडं बघत. मला वाटायचं बाहेर जावं. पण आईची कडी असायची.

मी पाचवीत होते त्या हिवाळ्यातली गोष्ट. आई तापानं पडली होती, म्हणून कडी लावायची राहिली होती. सशांना गाजरं घालायच्या निमित्तानं मी बाहेर आले. बाहेर थंडी होती, फॅमिलीच्या बाजूला कुणी नव्हतं. पलीकडची गर्दीही पांगली होती, दोन जीपा नुकत्याच निघून गेल्या होत्या. आणि घसरगुंडीच्या खाली, वाळूत, एक मुलगी बसली होती. पाचसहा वर्षांची असेल. अंगात लाल स्वेटर, दोन वेण्या, एका वेणीची रिबीन सुटलेली. ती वाळूची भाकरी थापत होती.

"तू कुणासंग आलीस?" मी विचारलं.

"पप्पांसंग."

"पप्पा कुठंयत?"

तिनं पडद्याकडं बोट केलं. मी पडदा बाजूला करून बघितलं. ते मला मना होतं, पण बघितलं. आत फक्त पोऱ्या टेबलं पुसत होता आणि दादा गल्ल्यावर मान खाली घालून बसले होते. बाकी कुणी नव्हतं.

मी दादांना सांगितलं. दादा उठून बाहेर आले, मुलीकडं बघितलं, मग रस्त्याकडं बघितलं. त्यांचा चेहरा असा झाला की मीच घाबरले. "अरे, हा माणूस लेकरू इसरून गेला," ते म्हणाले. असं म्हणायला त्यांना दोनदा तोंड उघडावं लागलं.

मुलीला ते ऐकू आलं, पण ती रडली नाही. तिनं मला समजावून सांगितलं, जणू मलाच काही कळत नव्हतं: "मम्मी म्हणली, तू पप्पांसंग जा, म्हणजे पप्पा लवकर येतील. लय पिणार न्हाईत."

तिला राखणीला पाठवलं होतं.

दादांनी मोटरसायकल काढली आणि त्या जीपांच्या मागं हिंगोलीच्या रस्त्याला गेले. आमच्याकडं तेव्हा फोन होता, पण मुलीला फोन नंबर माहीत नव्हता. घर वसमतला की हिंगोलीला हे सुद्धा तिला नीट सांगता येईना. "आमच्या घरासमोर दवाखाना हाय," एवढंच.

मी तिला घरात नेलं. आई तापात उठून बसली आणि तिनं सगळं ऐकलं. तिनं मुलीच्या पायांची वाळू धुतली, स्वेटर झटकला, वेणीला दुसरी रिबीन बांधली. मग पुन्हा आडवी झाली, डोळे उघडे ठेवून.

आणि त्यानंतरचे दोनेक तास माझ्या लहानपणातले सगळ्यात आनंदाचे होते. हे लिहायला मला अजून अवघड वाटतं, कारण तेवढ्या वेळात कुठं तरी एक बाई वेडीपिशी झाली असणार. पण माझ्या घरात, माझ्या अंथरुणावर, एक मुलगी बसली होती, आणि तिला माझी भातुकली बघायची होती. आम्ही दोघींनी एका ताटात वरण-भात खाल्ला. तिनं मला विचारलं, "तुमच्या घरी रोज झोका असतो?" कितीतरी दिवसांनी मला हे कुणी तरी विचारत होतं. मी तिला जिराफाची गोष्ट सांगितली. ती हसली. मग म्हणाली, "तू माझ्या घरी ये. आमच्या गच्चीवरून दवाखान्यातलं सगळं दिसतं."

मी मनातल्या मनात म्हणत होते, दादांना जीप सापडू नये. आजची रात्र तरी सापडू नये.

जेवणं झाली असतील-नसतील, एक रिक्षा आली. दादांना जीप सापडली नव्हती. तो माणूस घरी गेला होता, आणि घरी गेल्यावर त्याच्या बायकोनं विचारलं होतं, पोरगी कुठंय. तिनं शेजारच्या रिक्षावाल्याला उठवलं आणि वसमतहून आली. माणूस सोबत नव्हता. तो झोपला होता, असं तिनं नंतर सांगितलं.

ती बाई दारात आली आणि तिनं मुलीला उचललं नाही. आधी तिच्या अंगावरून हात फिरवला, डोक्यापासून पायापर्यंत, जसं अंधारात काही चाचपून बघतात. मग खाली बसली. साडी नेसलेली होती पण वर नवऱ्याचा शर्ट घातला होता, थंडीचा, हाताला येईल तो.

आई अंथरुणातून उठून दारात आली. मला वाटलं आई रागावेल. आईला रागावण्याचा हक्क होता असं मला वाटत होतं. पण ती बाईच आधी बोलली.

"बाई, मीच पाठविलं हो हिला. त्येन्ला म्हणलं, लेकरू घेऊन जावा. म्हणलं लेकरू संग असलं तर माणूस शुद्धीत राहील."

आई म्हणाली, "खाल्लंय तिनं. वरण-भात खाल्लाय."

"लय तकलीफ दिली तुमाला."

"तकलीफ कशाची."

बस, एवढंच. दोघी एकमेकींकडं बघत होत्या, आणि मला त्या वयातही कळलं की त्या भांडणार नाहीत. बाईनं मुलीला कडेवर घेतलं. मुलगी माझ्याकडं बघून हात हलवत होती, रिक्षा वळेपर्यंत. आईनं बांधलेली रिबीन तिच्याबरोबर गेली. ती पुन्हा कधी आमच्याकडं आली नाही, मीही वसमतला तिचं घर शोधलं नाही.

दादा परत आले तेव्हा आई त्यांची वाट बघत बसली होती. मी पांघरुणात होते, जागी.

"उद्यापासून दिवे लागल्यावर लेकरं आत घ्यायची न्हाईत," आई म्हणाली.

"मग फॅमिली कशी येईल?"

"कुठं येती फॅमिली? लेकरं येतात बापाची राखण करायला."

दादांनी गाडीची किल्ली खुंटीला अडकवली. मग म्हणाले, "लेकरं असली की माणसं तोंड सांभाळून बोलतात. हात सांभाळतात. लेकरं बंद केली तर ह्या जागेचं काय होईल, विचार केलास?"

"लेकरांनी मोठ्यांना सांभाळायचं? मोठ्यांची जागा लेकरांच्या जिवावर चांगली ठेवायची?"

आईचं अक्षर चांगलं होतं. बरी झाल्यावर तिनं पत्र्याच्या पाटीवर पांढऱ्या रंगानं स्वतः लिहिलं: दिवे लागल्यावर लहान मुलांना आत आणू नये. खाली नाव नाही, हुकूम नाही. शाळेच्या फळ्यावर सुविचार लिहावा तसं. वसमतचा परवानावाला भागीदार चिडला, पण दादा या वेळी आईच्या बाजूनं उभे राहिले.

मला पाटी आवडली होती. मला वाटलं, आता आई जिंकली.

आठ-पंधरा दिवसांनी एक जण मुलाला घेऊन आला. मुलगा चार-पाच वर्षांचा, झोपेला आलेला. दादांनी त्याला फाटकातच अडवलं आणि पाटी दाखवली. आई तेव्हा मोगऱ्याला पाणी घालत होती आणि मी तिच्या मागं झोक्यावर होते. दिवे लागले होते, पण आई बाहेर होती म्हणून मीही बाहेर होते.

"लेकराला मनाई?" तो माणूस म्हणाला. "कोणत्या कायद्यानं?"

दादांनी शांतपणे सांगितलं, "आमच्या इथं तसा नियम हाय, साहेब. लेकराला घरी सोडून या."

त्या माणसानं माझ्याकडं हात केला. "मंग ती पोरगी कोणाची? ती चालती व्हय? आमचं लेकरू बिघडतं अन् तुमचं बिघडत न्हाई?"

तो माणूस मुलाला गाडीवर बसवून निघून गेला. मला वाटलं तो गेला म्हणजे विषय संपला. मी झोका पुन्हा हलवला. आईनं हातातली बादली खाली ठेवली आणि माझ्याकडं बघत राहिली. आधी कधी मला पाहिलंच नव्हतं, अशी.

जूनमध्ये मला परभणीला मुलींच्या वसतिगृहात ठेवलं.

आईनं मला समजावलं. शाळा चांगली आहे, इंग्रजी चांगलं होईल, सगळ्या मुलीच आहेत, खेळायला सोबत मिळेल. हे सगळं खरं होतं आणि सगळं झालंही. पण एसटीत बसताना मी तिला विचारलं, "पाटी माझ्यासाठी पण व्हती का?"

"लेकरानं तिथं राहू नये," आई म्हणाली. "कोणाच्याच."

"मग तुमी पण चला."

तिनं माझ्या मांडीवरची पिशवी नीट केली. शाळेची नोकरी जवळ्याला होती, दादा बागेत होते. ती काय सांगणार होती.

वसतिगृहात पहिले काही दिवस मला झोप लागली नाही. मुलींना वाटायचं मला घरची आठवण येते. येत होतीच. पण खरं कारण वेगळं होतं, ते मी कुणाला सांगू शकत नव्हते: तिथं फार शांत होतं. मला बाटल्यांच्या, गाण्यांच्या, लांबच्या हसण्याच्या आवाजात झोपायची सवय होती. त्या आवाजामागं कुठं तरी दादा जागे आहेत हे मला माहीत असायचं. इथं दिवा मालवला की कुणीच जागं नसायचं.

दादा महिन्यातून एकदा यायचे. दुपारी, कारण संध्याकाळी त्यांना परत बागेत पोचायचं असायचं. भेटीच्या खोलीत बाकडं होतं. आम्ही शेजारी बसायचो. ते केळी आणायचे. "सगळं बराबर हाय ना?" ते विचारायचे. मी व्हय म्हणायची. मग आम्ही दोघंही खिडकीतून रस्ता बघायचो.

बागेचं तसंच झालं जसं दादा म्हणाले होते. लेकरं बंद झाल्यावर उरलीसुरली बायामाणसंही यायची बंद झाली. मग ती नुसती दारूची जागा राहिली. भांडणं व्हायला लागली. एकदा कुणाचं तरी डोकं फुटलं, पोलीस आले. सुट्टीत मी घरी गेले तेव्हा झोक्यांच्या साखळ्या कुणी तरी तोडून नेल्या होत्या, ससे मेले होते आणि मला दिवसाही बाहेर जायची बंदी होती. आई म्हणायची, बघ, तुला इथून नेलं ते बरं केलं. दादा म्हणायचे, लेकरं असती तर असं झालंच नसतं. दोघंही खरं बोलत होते. मी दोघांच्या मधे बसून जेवायची आणि सुट्टी संपायची वाट बघायची, मग वसतिगृहात पोचले की पुढच्या सुट्टीची.

पुढं नोकरीला लागल्यावर ऑफिसातल्या लोकांबरोबर मी हैदराबादजवळच्या एका रिसॉर्टला गेले होते. दिवसभर पाण्यातल्या घसरगुंड्या, संध्याकाळी तलावाकाठी बार आणि नाच. बरोबरच्या काहींची लेकरं तिथंच, स्पीकरच्या धडधडीत, दोन खुर्च्या जोडून झोपली होती. जेवताना त्यावर वाद झाला. एक म्हणाली, अशा ठिकाणी मुलांना आणूच नये. दुसरा म्हणाला, मग आई-बापांनी काय जगायचंच नाही? सगळे हिरिरीनं बोलत होते. मला कुणी तरी विचारलं, तुझं काय मत? मी म्हटलं, मला माहीत नाही. त्यांना वाटलं, हिला मूलबाळ नाही, हिला काय कळणार. मी त्या खुर्च्यांवरच्या एका मुलाच्या अंगावर शाल टाकली आणि खोलीत गेले. मत होतं माझं. आईचंच बरोबर होतं. पण ते बरोबर असण्यात माझं घर गेलं, हे जेवणाच्या टेबलावर कसं सांगणार.

त्याच्या कितीतरी आधी, मी दहावीत असताना आईनं परभणी जिल्ह्यात बदली करून घेतली आणि आम्ही दोघी परभणीत भाड्याच्या दोन खोल्यांत राहायला लागलो. मला वाटलं होतं, आता सगळं पूर्वीसारखं होईल. पण चार-पाच वर्षांत आईला माझ्या सवयी माहीत नव्हत्या आणि मला तिच्या. मी चहात साखर किती घेते हे ती विचारायची. मी रात्री दिवा चालू ठेवून अभ्यास करते याचं तिला आश्चर्य वाटायचं. आम्ही एकमेकींशी चांगलं वागायचो, फार चांगलं.

त्यानंतर वर्षभरानं भागीदारानं वसमतला स्वतःची जागा घेतली. बाग बंद पडली. दादांनी जमीन एकाला लग्नकार्यासाठी वापरायला दिली आणि एक ट्रंक घेऊन ते परभणीला आले.

पहिल्या दिवशी संध्याकाळी आम्ही तिघं घरात होतो. दिवा लावला होता. आईनं पोळ्या केल्या, मी भाजी गरम केली. कितीतरी वर्षांनी तिघं एका वेळी एका जागी. दादांना संध्याकाळी घरात कसं बसायचं हेच माहीत नव्हतं. ते खुर्चीत बसायचे, उठायचे, दारापर्यंत जायचे, बाहेर बघायचे, परत यायचे. आई म्हणाली, "बसा ना तुमी." ते बसले. पुन्हा उठले.

शेवटी मी आणि आई जेवायला बसलो. दादा बसले नाहीत. ते माझ्या शेजारी जरा मागं सरकून उभे राहिले, एक हात पाठीमागं, किंचित वाकून, जसे औरंगाबादच्या हॉटेलात तरुणपणी उभे राहत असतील. माझ्या पेल्यातलं पाणी संपलं तसं त्यांनी तांब्या उचलून पेला भरला.

"अजून काय लागलं तर सांगा," ते म्हणाले.

स्वतःच्या लेकीला, 'सांगा'.

आईनं घास तोंडात तसाच ठेवून माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, "नको दादा, बास." ते मान हलवून मागं सरले, आणि आम्ही जेवण संपेपर्यंत तिथंच उभे राहिले.